पाणी घातलेलं सार

आमच्या हिकागे वस्तीत सल्ल्याचा तुटवडा कधीच नव्हता. कंद कधी उपसावेत, सून कशी वागवावी, कंबर धरली तर काय बांधावं, हे कुणी विचारायच्या आधीच चार तोंडं सांगायला तयार असत. त्यामुळे गावकचेरीनं खास नागोयाहून सल्ला द्यायला माणूस बोलावलाय हे कळलं तेव्हा लोक हसले. त्यात त्याचं आडनाव निघालं शिओदा, म्हणजे मिठाचं शेत. आणि येणार होता आमच्या जेवणातलं मीठ कमी कसं करायचं ते सांगायला. महिनाभर वस्तीला दुसरी थट्टा लागली नाही.

मी मात्र हसले नाही. मीठ हे माझं काम होतं.

आमच्या डोंगरात थंडी पडली की दरवर्षी दोन-तीन पुरुष पहाटे लघवीला म्हणून बाहेर जात आणि तिथेच आडवे होत. कुणी मरे, कुणाचं अर्धं अंग जाई. माझे सासरे तसेच गेले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. आणि रक्तदाबाचं मूळ तुमच्या मिठात. खारवलेली भाजी, खारवलेला मासा, आणि तिन्ही वेळा मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचं सार. म्हणून गावानं वस्तीवस्तीत आरोग्य मदतनीस बायका नेमल्या. लोक आम्हाला मिठाच्या बायका म्हणत. हिकागेची मुख्य मी, तोकिए, थोरल्या घरची सून. अकरा वर्षं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी तेवीस घरच्या बायका सकाळचं सार छोट्या बरणीत भरून सभाघरात आणायच्या. मी मीठ मोजायच्या मापकाचं टोक बरणीत बुडवायची आणि आकडा वहीत मांडायची. आठ दशांश टक्का आला की उत्तम. माझ्या घरचा अकरा वर्षं आठ दशांशच यायचा.

कसा यायचा ते सांगते. बरणीत सार ओतलं की त्यात अर्धी पळी गरम पाणी घालायचं. सगळ्याच घालायच्या. यात खोटेपणा आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. डॉक्टरकडे जाताना माणूस धुतलेला सदरा घालतोच की. तपासणीला आपलं सार जायचं, ते जरा नीटनेटकं जावं, एवढंच. नवी सून आली की घरातली वडीलधारी बाई तिला कानात सांगायची. आमच्या धाकट्या घरात फुसाए सून म्हणून आली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही.

मुद्दामच नाही सांगितलं. फुसाए माझ्या दिराची, मासातोची बायको, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. ती आली आणि वस्तीतल्या बायकांचा दुपारचा चहा माझ्या ओसरीवरून उठून तिच्या ओसरीवर गेला. तिला हसायला कारण लागत नसे. सासूबाईंचं दुखणं दोन वर्षं मी काढलं, गू-मूत मी काढलं, आणि शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "फुसाएच्या हातचं सार आण." मी आणून पाजलं. तो घोट त्यांच्या घशाखाली उतरला, माझ्या घशात मात्र नऊ वर्षं अडकून राहिला. पहिल्या तपासणीला फुसाएचा आकडा दीड आला, बायका तोंडावर हात ठेवून हसल्या, तेव्हा मला गार वाटलं होतं.

शिओदा नोव्हेंबरात आला, कंद उपसायच्या ऐन घाईत. तरुणच होता, चाळिशीही झालेली नसेल. सभाघरात चटईवर बसला तेव्हा त्याच्या मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आला आणि सगळ्या बायकांनी तो पाहिला. तरी आम्ही त्याला गुरुजीच म्हणायचो. शेजारी गावच्या नर्स ओबाताबाई. त्यानं सल्ला काहीच दिला नाही. दोन तास माझ्या वह्या वाचल्या आणि एका मोठ्या कागदावर घराघराची रेघ काढली.

"तोकिएबाई, ही रेघ तुमच्या घरची?"

"हो गुरुजी."

"अकरा वर्षं सरळ आहे."

"पहिल्यापासून काळजी घेतो आम्ही," मी म्हणाले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आपलाच मिसो." स्वतःची वाखाणणी करणाऱ्याला आमच्याकडे असं म्हणतात. मी मागं वळले नाही.

"आणि ही?" त्याचं बोट खाली गेलं. "दीडवरून निघालीय. नऊ वर्षांत एकवर आलीय. मध्ये दोनदा वर चढली, पुन्हा उतरली."

"ती माझ्या जावेची. तिला सुरुवातीला जमत नव्हतं."

"मला हीच हवी होती," तो म्हणाला. "बाकीच्या बावीस सरळ रेघा बघून मी काय सल्ला देणार? ही बाई मात्र घरात काहीतरी करतेय. फुसाएबाई कोण?"

फुसाए मागच्या रांगेतून गुडघ्यांवर सरकत पुढं आली. काय केलंस असं त्यानं विचारलं तर म्हणाली, "चोरी केली गुरुजी."

"कसली?"

"दर वर्षी पळीतला इतकुसा मिसो काढून घ्यायचा." तिनं करंगळीचं नख दाखवलं. "एकदम काढला तर नवरा भांडतो. हळूहळू काढला तर त्याला वाटतं आपली जीभच म्हातारी झाली. आणि अळंबी जास्त घालायची, सुके मासे जास्त उकळायचे. दोनदा पकडले गेले, तेव्हा रेघ वर चढली."

सभाघर हसलं. शिओदा तर डोळे पुसायला लागला. मग म्हणाला की फेब्रुवारीत नागानो शहरात जिल्ह्याची आरोग्य परिषद आहे, तिथं या गावातर्फे फुसाएबाईंनी बोलावं. अकरा वर्षं वही मी लिहिली. मापक मी पुसून पेटीत ठेवलं. आणि बोलणार ती. मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, माझ्या टाळ्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

"त्याआधी एक काम आहे," शिओदा म्हणाला. "सारातलं मीठ कळलं, पण पोटात किती जातं ते कळत नाही. येत्या रविवारी चाळिशीच्या वरच्या प्रत्येक पुरुषानं चोवीस तासांची लघवी साठवायची."

आता मात्र कुणी हसलं नाही.

शनिवारी ओबाताबाईंनी दोन-दोन लिटरचे प्लास्टिकचे कॅन वाटले. गळ्यात दोरी, दोरीला नावाची चिठ्ठी. रविवारी सकाळपासून हिकागेचे पुरुष रुमालात बांधलेले कॅन घेऊन शेतावर जाताना दिसायला लागले, डबा न्यावा तसे. कुणी समोर दिसलं की कॅन पाठीमागं लपवायचे.

"अगं, हे म्हणजे काय लाजिरवाणं काम लावलंय तुझ्या गुरुजीनं," माझा नवरा योशिनोरी म्हणाला.

"माझा गुरुजी कसला? तुमच्या भावजयीचा गुरुजी."

"तुझं सुरू झालं परत."

लांब कंदाचं काम म्हणजे कंबरेचा काळ. कंद जमिनीत हातभर लांब सरळ खाली जातो आणि जरा धक्का लागला तर काचेसारखा तुटतो. शेजारी कमरेइतका चर खणायचा, चरात उतरून छातीवर पडायचं आणि लोखंडी सळईनं माती सोडवत हातानं कंद बाहेर घ्यायचा. त्या दिवशी योशिनोरी दिवसभर चरात होता. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, मान लालभडक. दुपारी शेताच्या बांधावर त्यानं भाताबरोबर खारवलेली भाजी खाल्ली, तीवर सोयासॉस ओतला, उरलेला सोयासॉस ताटलीतून पिऊन टाकला. मी बघत होते. अकरा वर्षं मिठाची बाई होते, पण त्याच्या हातातली सोयासॉसची बाटली मी कधी धरली नाही. त्याला घरात अळणी चालत नसे. वहीत चालत असे, तेवढं मला पुरत होतं.

सोमवारी सकाळी कॅन गोळा करायला सभाघरात मी एकटीच होते. ओबाताबाई गाडी आणायला गेल्या होत्या. एकतीस कॅन भिंतीशी ओळीनं. माझ्या नवऱ्याचा अर्धाही भरला नव्हता, आणि रंग उकळलेल्या चहाचा. त्याला लागून मासातोभावजींचा, जवळजवळ काठोकाठ, फिकट. मापक लावायची गरजच नव्हती. मला दिसलं की आठवड्याभरात कागद येणार, त्यावर थोरल्या घरापुढं काय येणार ते दिसलं, आणि त्या कागदाकडं बघून फुसाए हसणारही नाही, उलट मला समजावायला येईल, तेही दिसलं. ते मला सोसवलं नसतं.

चिठ्ठ्या दोरीनं बांधलेल्या होत्या. दोन गाठी सोडायच्या, दोन मारायच्या. इतकं सोपं काम मी त्या आठवड्यात दुसरं केलं नव्हतं.

निकाल आला, तेव्हा शिओदाही पुन्हा आला आणि सगळे सभाघरात जमले. हिकागेत सगळ्यात जास्त मीठ मासातोच्या पोटात: दिवसाला एकोणीस ग्रॅम. योशिनोरीच्या पोटात नऊ.

शिओदानं कागद दोनदा वाचला. "सार एवढं सौम्य, आणि एकोणीस?" तो फुसाएला म्हणाला. "मग मीठ येतं कुठून?"

फुसाएचा चेहरा कानापर्यंत तापला. "मला ठाऊक नाही गुरुजी."

"नवरा बाहेर खातो का?"

मासातो उठून उभा राहिला. मवाळ माणूस, त्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "मी काय चोरून मिसो चाटतो का? नऊ वर्षं जे ताटात पडलं ते खाल्लं."

"बसा भावजी," मी म्हणाले. "आकडा खोटं बोलत नाही." हे वाक्य मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही.

परिषदेत बोलायला माझं नाव लागलं. मासातोला ओबाताबाईंनी पथ्य लावलं: भाजी खारवलेली नको, मासा नको, सार दिवसातून एकदाच. आणि माझ्या नवऱ्यानं वस्तीभर छाती काढली. "नऊ," तो रस्त्यात भेटेल त्याला सांगायचा, "शहरातल्या यंत्रानं सांगितलंय." जेवताना ताटली पुढं करायचा. "घाल अजून. आपल्याला मुभा आहे." मी घालत गेले. नको कसं म्हणणार? नऊ आहे म्हणून सांगणारी मीच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही घरांची भाजी खारवायची, एकाच पिंपात, ही सासूबाईंपासूनची रीत. फुसाए आणि मी टाक्यावर पाला धुवायला बसलो. पाणी इतकं गार की बोटं आधी लाल होतात, मग पांढरी, मग आपली वाटतच नाहीत. ती एकेक जुडी धुऊन माझ्याकडं द्यायची, मी पिंपात थर लावून वर मीठ टाकायची.

"जाऊबाई," ती म्हणाली, "यंदा आमच्या घरचा वाटा काढू नका."

"भाजीशिवाय हिवाळा काढणार होय?"

"त्यांच्यासमोर मीच खायची म्हणजे कसं वाटेल? नकोच." तिनं नाक बाहीला पुसलं. "मी रात्रंदिवस आठवते हो, कुठं चुकलं. डबा, चहाबरोबरचं, सगळं मोजून बघितलं. तुम्ही सांगा ना. तुमच्या घरी कसं जमतं ते दाखवा मला. मी उद्यापासून तुमच्या चुलीपाशी बसते."

माझ्या मुठीत मीठ होतं. ती रडायला लागल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, हे कबूल करते. पण त्या बरं वाटण्याची लगेच शिसारी आली. आणि त्याहून जास्त राग आला तो तिच्या शिकायला येण्याचा. भांडली असती तर मी जिंकले असते.

"सवडीनं दाखवीन," मी म्हणाले. "जुडी दे."

चार दिवसांनी शेवटचा चर राहिला होता. जमीन वरून गोठून कडक झालेली. योशिनोरी चरात उतरला आणि मी काठावर बसून कंद पेंढ्यात गुंडाळत होते. सळई दगडाला लागल्याचा आवाज आला आणि थांबला. बघते तर सळई पडलेली, आणि तो उजव्या हाताकडं बघत बसलेला.

"काय झालं हो?"

"हात ऐकेना." जीभ जड झाली होती, शब्द चावल्यासारखे येत होते. "मुंग्या आल्यात. थंडीनं असेल."

मी चरात उडी टाकली. त्याचा ओठ एका बाजूनं उतरला होता. मी हाका मारल्या, पण पहिली हाक कुणाला मारली? "भावजी!" मासातो शेजारच्या शेतात होता. पथ्यानं सुकलेला तो माणूस धावत आला, भावाला पाठीवर घेतलं आणि बांधावरून पळत सुटला. फुसाए पुढं धावत गाडी थांबवायला गेली. मी मागून दोन्ही हातांत त्याचे बूट घेऊन चालले होते. बूट का घेतले, कोण जाणे.

दवाखान्यात डॉक्टरांनी मनगट धरलं, रक्तदाब बघितला, म्हणाले, झटका लहान आहे, वेळेवर आणलंत. मग ओबाताबाईंनी आणलेला कागद बघितला. "मिठाचं तर उत्तम दिसतंय. नऊ. म्हणजे कारण दुसरं शोधायला हवं. जेवणाचं आहे तसंच चालू द्या."

आहे तसंच. मासातो माझ्या शेजारी बाकावर, धापा टाकत. फुसाए माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. शिओदा त्याच दिवशी तिसऱ्या भेटीला गावात आला होता, बातमी ऐकून दारात येऊन उभा राहिला होता.

"ते नऊ यांचे नाहीत," मी म्हणाले. "एकोणीस यांचे आहेत. चिठ्ठ्या मी बदलल्या."

फुसाएचा हात पाठीवरच थांबला. काढला नाही, पण फिरला पण नाही.

मासातोला समजायला वेळ लागला. "म्हणजे वहिनी, मी महिनाभर भाजीचं एक पान खाल्लं नाही..."

"हो भावजी."

डॉक्टर लगेच औषधाचा कागद नव्यानं लिहायला लागले. शिओदानं मला बाहेरच्या खोलीत नेलं, रागानं नाही. वही उघडली. "आणि सारातले आकडे? तेही?"

"अर्धी पळी पाणी. अकरा वर्षं."

"फक्त तुम्ही?"

"तेवीसातल्या बावीस घरांनी. फुसाएला मी सांगितलं नव्हतं."

"का?"

"तिचा आकडा वाईट यावा म्हणून."

त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी तीन वेळा हा डोंगर चढून आलो. पहिल्याच दिवशी कुणी हे बोललं असतं तर सल्ला त्याच दिवशी दिला असता."

"कोणता?"

"बरणी मागवूच नका. जेवायच्या वेळी न सांगता जा, भांड्यात मापक घाला, आणि आकडा काहीही आला तरी कुणी हसायचं नाही."

पुढच्या महिन्यापासून तसंच सुरू झालं. पहिल्या फेरीत तेवीसपैकी एकोणीस घरं दीडच्या वर निघाली, माझं घर एक पूर्णांक आठ. फुसाएचं एक. मापक आता फुसाए धरते. योशिनोरी डाव्या हातानं जेवणाच्या काड्या धरायला शिकला आणि पातळ सार पिताना माझ्याकडं बघत नाही. कॅनच्या चिठ्ठ्यांचं त्याला मी स्वतः सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे वस्तीत पहिला मीच आलो की."

फेब्रुवारीत फुसाए नागानोला बोलायला उभी राहिली. मी गेले, कारण नाही गेले असते तर वस्ती म्हणाली असती, बघा. तिसऱ्या रांगेत बसले. तिनं पळीतल्या चोरीची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग पाण्याची गोष्ट सांगितली. मग म्हणाली, आमच्या वस्तीत एका बाईनं सगळ्यांसमोर खरं सांगितलं, ती बोलली नसती तर आम्ही अजून वहीतच निरोगी असतो. नाव घेतलं नाही. त्या वाक्याला सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. पाप माझं, ते सांगायची हिंमतही माझी, आणि टाळ्या तिला. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मी जळले.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. तिनं गुडघ्यावरचा रुमाल सोडला आणि मला संत्रं सोलून दिलं.

"छान बोललीस," मी म्हणाले.

"घाम फुटला होता."

"पाण्याचं तुला दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर कळलं, तेव्हा राग नाही आला माझा?"

ती संत्र्याच्या शिरा काढत राहिली. "पाण्याचं मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं जाऊबाई. वरच्या घरच्या आजींनी सांगितलं."

"मग तू का नाही घातलंस?"

"ते तुम्ही सांगायचं होतं ना. म्हटलं, सांगतील आज ना उद्या. दर सोमवारी बरणी भरताना वाट बघायचे."

बस वळणावळणानं डोंगर चढत होती. तिनं दिलेली संत्र्याची फोड मी हातात तशीच धरून बसले, हिकागे येईपर्यंत.